दोघांना रेल्वेचं वेड, दोघींना कंटाळा

प्रश्न : आम्ही सांगलीचे. माझे मिस्टर मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढले, त्यामुळे गाड्यांचा नाद लहानपणापासूनचा. आता दहा वर्षांचा मुलगा त्यांच्याही वरताण निघालाय. गेल्या मे महिन्यात कोकणात गेलो, तर ट्रक वाहून नेणारी मालगाडी येणार म्हणून आम्हाला एका स्टेशनवर तीन तास बसवलं. ती आलीच नाही. चौदा वर्षांची मुलगी तेव्हापासून ‘तुमच्याबरोबर परत कुठे येणार नाही’ म्हणते. दिवाळीत सहा दिवस मोकळे आहेत आणि बापलेकांनी रेल्वेची संग्रहालयं व घाटातल्या गाड्या बघायचा बेत आखलाय. नाही म्हटलं तर मीच वाईट ठरते. शिवाय फोटोसाठी दोघं रुळांच्या फार जवळ जातात, ती धास्ती वेगळीच. काय करावं? (एक वाचक, सांगली)

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ आधी घेते. बाकी सगळ्यावर घरात घासाघीस होऊ शकते, या एका गोष्टीवर नाही.

परवानगीशिवाय रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ च्या पावसाळ्यात दूधसागरला रुळांवरून निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर फिरत आले असतील. लोक हसले, पण पोलिसांचा राग मला तरी रास्त वाटला. विजेवरची गाडी पूर्वीच्या इंजिनांसारखी लांबून धडधडत येत नाही. वळणावर ती दिसते तेव्हा विचार करायला वेळ उरलेला नसतो. समोरची गाडी बघण्यात माणूस गुंग असतो आणि शेजारच्या रुळावर उलट दिशेने दुसरी येते. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागायचीही गरज नाही, पुरेसं जवळ गेलं की वीज स्वतःच झेप घेते. म्हणून उभ्या वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, चढणं नाही, पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक बाहेर काढणं नाही, आणि फलाटावरच्या पिवळ्या पट्टीच्या पुढे पाऊल नाही.

हे मुलाला सांगून उपयोग थोडा. बाप कुठे उभा राहतो ते बघून तो शिकणार. तेव्हा हे बोलणं यजमानांशी करा, मुलं झोपल्यावर, आणि अट एकच ठेवा : पट्टी ओलांडली की त्या दिवसाचं गाड्या बघणं तिथेच संपलं, वाद नाही. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला यामागचं कारण समजावत बसावं लागणार नाही.

आता त्या तीन तासांकडे येऊ. तुमचा राग योग्य आहे, फक्त तो नादावर न काढता नियोजनावर काढा. ट्रक वाहून नेणारी ती गाडी म्हणजे कोकण रेल्वेची रो-रो. १९९९ पासून ती सुरू आहे. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर एकामागे एक चढवतात, चालक आपापल्या केबिनमध्येच बसून राहतात आणि अख्खा काफिला बोगद्यांतून दक्षिणेकडे निघतो. बघण्यासारखी चीज आहे, हे मीही मान्य करते. पण मालगाडीला प्रवासी गाडीसारखं छापील वेळापत्रक नसतं. मार्ग मोकळा मिळेल तशी ती पुढे सरकते आणि मागून एक्स्प्रेस आली की बाजूच्या रुळावर उभी राहते. एकेरी मार्गावर तर समोरून येणाऱ्या गाड्यांसाठीही तिला थांबावं लागतं. गाड्या बघण्यात मुरलेल्या माणसाला हे माहीत असतं आणि ती अनिश्चितता त्याला आवडते. बाकड्यावर बसलेल्या बायको-मुलीला ती का आवडावी?

यातून नियम निघतो तो असा. चौघं बरोबर असताना फक्त वेळापत्रकातल्या गाड्यांसाठी थांबायचं. मधे मालगाडी आली तर आनंद, नाही आली तर निघायचं. फलाट तिकीट दहा रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. रेल्वेनेच मुदत घालून दिली आहे, तीच घरातही लागू करा. गाडी कुठपर्यंत आली हे ‘व्हेअर इज माय ट्रेन’सारख्या ॲपवर दिसतं, म्हणजे ‘आता येईलच’ या वाक्याची शहानिशा मुलगी स्वतः करू शकेल. मला वाटतं, तिला हे काम आवडेल.

मोठा बेत आखण्याआधी एक रविवार मिरज जंक्शनवर घालवा. तुम्हाला वाटेल, रोजचंच स्टेशन, तिथे काय बघायचं? एकेकाळी या एका स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ होते : १६७६ मिलिमीटर, १००० आणि ७६२. कुर्डुवाडीकडची ‘बार्शी लाइट’ ही नॅरोगेज, बंगळूरकडची मीटरगेज आणि पुण्याकडची ब्रॉडगेज एकाच गावात यायच्या. यजमानांनी यातलं थोडं तरी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. कुठला रूळ कुठून जायचा, प्रवासी सामान घेऊन कुठून कुठे धावायचे, ते त्यांना मुलांना जागेवर दाखवू द्या. बाप गोष्ट सांगत असताना ती मुलगी मोबाइल बाजूला ठेवते का, एवढंच तुम्ही बघा. ठेवला, तर दिवाळीचा बेत जमेल. नाहीच ठेवला, तर खाली सांगितलेल्यातला अर्धाच घ्या.

त्याच रविवारी दोन्ही मुलांना इंजिनावरची अक्षरं वाचायला शिकवा. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, दुसरं अक्षर ए असेल तर एसी विजेवर चालणारं, डी असेल तर डिझेल. तिसरं पी असेल तर प्रवासी गाडीचं, जी असेल तर मालगाडीचं, एम असेल तर दोन्हीला चालणारं. म्हणजे डब्ल्यूएपी-७ समोर आलं की दहा वर्षांचं पोरही सांगू शकतं की हे विजेवरचं, प्रवासी गाडीसाठीचं. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं, म्हणजे देखभालीच्या ठिकाणाचं, नाव असतं : कल्याण, अजनी, भुसावळ, पुणे, नाहीतर थेट विजयवाडा. डब्याच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे तो डबा कोणत्या वर्षी बांधला ते सांगतात. आपल्या जन्मसालचा डबा कोण आधी शोधतं, ही शर्यत चौदा वर्षांच्या मुलीलाही पोरकट वाटत नाही असा माझा अनुभव आहे. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. घाट चढता-उतरताना दर पाटीवरचा आकडा टिपायचा, की घाट म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळतं.

आता सहा दिवसांबद्दल. यजमानांचा बेत मला माहीत नाही, पण त्यात संग्रहालयामागून संग्रहालय असणार असा अंदाज आहे. ते टाळा. संग्रहालय आणि फलाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रहालयात थांबलेलं इंजिन असतं. त्याच्याभोवती फिरता येतं, प्रश्न विचारता येतात, तासा-दीड तासात समाधान होतं. फलाटावर वाट बघायची असते. एका दिवशी यातलं एकच ठेवा आणि उरलेला दिवस तुम्हा दोघींचा.

माझं ऐकाल तर सांगलीहून सकाळची कोयना एक्स्प्रेस धरा. दिवसाउजेडी जाते, म्हणून आदर्की आणि शिंदवण्याचा घाट खिडकीतून नीट दिसतो. रात्रीच्या गाडीने गेलात तर हा सगळा भाग झोपेत जातो आणि मग सकाळी पुण्यात उतरल्यावर बापलेकांना काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहतं, त्याची भरपाई तुमच्याकडून वसूल होते.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या छोट्या गाड्यांतून ते १९९८ मध्ये उभं राहिलं. एका खोलीत अख्खं शहर मांडलंय : रूळ, सिग्नल, पूल, रस्ते, दिवे. खेळ सुरू झाला की गाड्या आपापल्या मार्गाने धावू लागतात, उजेड मंद होत रात्र होते आणि शहरातले दिवे लागतात. रेल्वेत रस नसलेल्या माणसालाही बांधून ठेवणारी जागा कुठली, असं विचाराल तर मी आधी हीच सांगेन, दिल्लीचं मोठं संग्रहालय नंतर. इथे लहान आकारामुळे सगळी व्यवस्था एका नजरेत येते. कुठली गाडी कशासाठी थांबली, सिग्नल का बदलला, हे डोळ्यांना दिसतं. खेळ ठरावीक वेळी असतो आणि दिवाळीत वेळा बदलतात, तेव्हा फोन करूनच जा. तिथून सुटल्यावर बापलेकांना पुणे स्टेशनावर सोडा आणि तुम्ही दोघी तुळशीबागेत जा. यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. एकत्र सुट्टी म्हणजे चोवीस तास एकमेकांना चिकटून राहणं नव्हे.

पुण्याहून मुंबईला सकाळच्या दख्खनच्या राणीने जा. बसनेही जाता येईल, पण मग या सहलीतला तुमच्या मुलीचा सगळ्यात चांगला प्रवास हुकेल. ही गाडी १ जून १९३० पासून धावते आणि तिला अजून स्वतंत्र डायनिंग कार आहे. टेबलाशी बसायचं, गरम टोस्ट-ऑम्लेट मागवायचं, खिडकीबाहेर घाट उतरत असतो. काचेच्या छपराचा व्हिस्टाडोम डबाही आता या गाडीला असतो. तिकीट महाग आहे. चौघांचं परवडत नसेल तर दोन तिकिटं काढा आणि ती तुम्हा दोघींसाठी. वेड ज्यांना आहे त्यांना साध्या डब्याच्या खिडकीतूनही तितकंच दिसतं, किंबहुना त्यांना छपरापेक्षा इंजिनाच्या जवळचा डबा हवा असतो.

याच घाटाची एक गोष्ट तुमच्या मुलीसाठी राखून ठेवलीये. भोर घाटाचा रेल्वेमार्ग बांधायचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाने घेतलं. १८५९ मध्ये तो मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांत वारला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही. कंत्राट तिने स्वतःकडे घेतलं, जाणकार इंजिनिअर कामावर नेमले आणि काम तडीस नेलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला, २५ बोगदे आणि ८ मोठे पूल असलेला. त्यासाठी एकेका वेळी चाळीस हजारांवर मजूर डोंगरात राबत होते आणि पटकी-तापाने, सुरुंगांनी, कड्यावरून पडून त्यांतले कितीतरी तिथेच राहिले. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीला इंजिनाचे अश्वशक्तीचे आकडे नको असतात, पण त्या काळात नवरा गेल्यावर परक्या देशात डोंगर फोडणारी बाई तिला ऐकायला आवडेल. बोगदे सुरू होण्याआधी सांगा, मधे सांगाल तर आवाजात ऐकू येणार नाही.

मुंबईत दोन दिवस पुरे. लोकल बघायच्या तर सकाळी अकरा ते दुपारी चारमध्ये. गर्दीच्या वेळी कॅमेरा घेऊन फलाटावर उभं राहणं म्हणजे दमून घरी निघालेल्या माणसांच्या वाटेत येणं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला मात्र भरपूर वेळ द्या. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली, ते इथेच. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडली होती, हे तुमच्या चिरंजिवांना पाठ असेलच. आताची इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली, वास्तुरचना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. २००४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली. दगडातली पानं, प्राणी, पक्षी यांचं बरंचसं नक्षीकाम जे. जे. कला महाविद्यालयाच्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. मुलीला चित्रकलेची आवड असेल तर वही-पेन्सिल देऊन तिला समोरच्या फूटपाथवर सोडा आणि बापलेकांना फलाट क्रमांक १८ कडच्या ‘हेरिटेज गल्ली’त पाठवा. तिथे जुनं इंजिन आणि यंत्रसामग्री उघड्यावर मांडलीये. इमारतीच्या आतलं वारसा दालन कामाच्या दिवशी दुपारी बघता येतं, सुट्टीला नाही. दिवाळीत नेमकं इथेच अडायला होतं, म्हणून तुमचे मुंबईतले दिवस लक्ष्मीपूजन-पाडव्याला आणि शनिवार-रविवारला येणार नाहीत असं बघा.

मग नेरळ आणि माथेरान. १९०७ मधली लाइन, आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली. रुळांची रुंदी फक्त ६१० मिलिमीटर. ज्यांनी मिरजेत ७६२ पाहिलं त्यांना हीसुद्धा अरुंद वाटेल. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) हा भाग बंद असतो आणि पाऊस संपल्यावर पुन्हा सुरू होतो. दिवाळी लवकर आली तर तो उघडलाय की नाही, हे निघण्यापूर्वी तपासा. फेऱ्या थोड्या आणि जागा कमी, त्यामुळे खिडकीवर रांग लागते. वर जाताना टॅक्सीने दस्तुरीपर्यंत, म्हणजे मोटारी जिथे थांबतात तिथपर्यंत, आणि पुढे अमन लॉजहून शटल, उतरताना पूर्ण गाडी, असं केलंत तर एक बाजू हुकली तरी दुसरी पदरात पडते. माथेरानात मोटारी नाहीत, झाडांची सावली आहे, चालायला लाल मातीच्या वाटा आहेत. बाकी सहल कोणाचीही असो, इथला दीड दिवस चौघांचा ठेवा आणि त्यात गाड्यांचा विषय मुलीने काढला तरच.

शेवटच्या दिवशी नेरळहून लोकलने कर्जत. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना ‘बँकर’ म्हणतात. दर ३७ फुटांना एक फूट अशी चढण आहे. पुढच्या इंजिनाने एवढी लांब गाडी एकट्याने ओढली तर चाकं घसरतील आणि डब्यांमधल्या जोडांवर नको तितका ताण येईल, म्हणून मागून रेटा. बँकर हळूच येऊन टेकतात, माणूस खाली उतरून जोडणी करतो, शिट्ट्यांची देवाणघेवाण होते आणि गाडी हलते. काही नव्या गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिनं असल्याने त्या बँकर घेत नाहीत. तेव्हा ‘या गाडीला लागणार की नाही’ यावर बापलेकांची पैज लावून द्या. हे सगळं फलाटावर उभं राहून दिसतं, पट्टीच्या अलीकडून, शेजारी वडापाव आणि चहा. रुळांच्या कडेला जायचं कारणच उरत नाही. गाडीचे नाहीतर इंजिनाचे फोटो घेण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारलेलं बरं. रेल्वे कॉलनीत वाढलेला माणूस चार शब्द बोलला की बहुतेक मास्तर खुलतात. दोन तास झाले की लोकलने कल्याण आणि तिथून घरी यायला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस.

दिल्ली, म्हैसूर, नागपूर यांची नावं तुमच्या घरात निघणारच. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासूनचं आहे, सोमवारी बंद. पतियाळा संस्थानची १९०७ ची वाफेवरची मोनोरेल तिथे आहे, एक चाक रुळावर आणि एक रस्त्यावर चालणारी. पण केवळ तेवढ्यासाठी दिल्ली गाठू नका, कधी गेलात तर अर्धा दिवस काढा. नागपूरचं मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय विदर्भात कुणाच्या लग्नाला गेलात तर जोडून होईल. तुमच्यासाठी खरी सोयीची जागा हुबळी आहे. मिरजेहून थेट गाडी, २०२० मध्ये उघडलेलं नवं संग्रहालय, मलप्रभा आणि घटप्रभा नावाच्या दोन जुन्या बंगल्यांत मांडलेलं. ते पुढच्या वर्षी, आणि तिथे बापलेकांनी दोघांनीच जावं. तुम्ही त्या शनिवार-रविवारी घरी निवांत राहा, किंवा मुलीला जिथे जायचंय तिथे तिला घेऊन जा. ती जागा आजच तिच्याकडून ठरवून घ्या. सहाच्या सहा दिवसांत एकदाही तोंड वाकडं न करण्याच्या बदल्यात हा सौदा ती करेल असं मला वाटतं, निदान तिने करावा म्हणून घासाघीस तरी करेल.

एक काम मात्र लगेच करा. आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. दिवाळीत महालक्ष्मीच्या आणि दख्खनच्या राणीच्या जागा उघडल्या उघडल्या संपतात. तारीख मोजून मोबाइलवर गजर लावायचं काम यजमानांवर सोपवा. जातानाच्या आणि येतानाच्या तिकिटांचे दिवस वेगवेगळे मोजायचे, हे त्यांना सांगायला विसरू नका.